कोयत्याच्या चित्रावर दोन टिचक्या

पाटोद्याला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. लोखंडी मशीन होतं त्या काळात माझा वेग असा होता, की ओळ संपल्यावर वाजणारी घंटी ऐकून पलीकडच्या शाळेतली पोरं मधली सुट्टी झाली म्हणून बाहेर पडायची. त्या खडखडाटानं समोरच्या लिंबावरची पाखरं उडायची ती थेट माजलगावच्या धरणावर जाऊन बसायची, आणि मी भाकरी खायला उठलो की परत यायची. माझ्यावर विश्वास नसेल तर पाखरांना विचारा.

या वेगाचं गुपित एकच, नजर कागदावर. बोटांकडं बघायचं नाही आणि आपण काय छापलं तेही बघायचं नाही. ज्याची मान वर-खाली होते तो टायपिस्ट नव्हे, दाणे टिपणारी कोंबडी. हे वाक्य मी टायपिंग शिकायला येणाऱ्या पोरापोरींना कितीक वर्षं ऐकवलं. त्यातलीच एक पोर पुढं माझ्या दुकानासमोर दुकान टाकून बसली.

मागच्या गल्लीत गाड्यांचे रेडिएटर झाळणाऱ्या मेकॅनिकची ती मुलगी. टायपिंगच्या परीक्षेत पहिल्याच झटक्यात पास झाली तेव्हा तिच्या अब्बांनी मला टोपलीभर सीताफळं आणून दिली होती. मी ती चार दिवस खात होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, शिकवणारा कोण ते बघा, असं सांगत होतो. पुढं तिचं बीडला लग्न झालं. काही वर्षांनी नवरा-बायको इकडंच परत आले. नवऱ्यानं स्टँडवर फळांचा गाडा लावला आणि हिनं माझ्यासमोर गाळा घेतला. मधे फक्त रस्ता. अठरा पावलं भरतात. मी ती इतक्यांदा मोजलीत की तलाठ्यानं नकाशासाठी मला विचारावं.

मला लोकांनी ‘मास्तर’ म्हणायला दहा-बारा वर्षं लागली होती. ती आठ दिवसांत ‘मॅडम’ झाली. तिच्या दुकानातला पंखा आवाज करत नाही, याचासुद्धा मला त्रास व्हायचा. माझा पंखा फिरला की बैलगाडी चालल्यासारखं वाटायचं. त्या आवाजाला मी आजवर भारदस्तपणा म्हणत होतो.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं. माझा जीव अडकला होता तो एका मुकादमात. हा मुकादम दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला टोळी घेऊन जायचा. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. याच्या टोळीत असे पन्नासेक कोयते. आई-बाप फडावर गेले की लहान पोरं गावातच राहतात, शाळेच्या हंगामी वसतिगृहात. त्यासाठी दर पोरामागं चार कागद लागतात: पोराचा अर्ज, आई-बापाचं हमीपत्र, सांभाळणाऱ्या आजीचं किंवा चुलतीचं संमतीपत्र आणि मुकादमाचा दाखला. हे सगळे कागद वर्षानुवर्षं माझ्या हातून निघायचे. टोळी दुकानापुढं बसली की रस्ता अडायचा, एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आणि मी मान न हलवता टायपिंग करायचो. त्या दोन दिवसांत मी पाटोद्याचा राजा असायचो. टोळी समोरच्या दुकानात गेली म्हणजे त्या पन्नास घरांचे बाकीचे दाखलेही गेले, हे खरंच. पण त्याहून, तो अडलेला रस्ता गेला असता.

गणपती उठले त्या आठवड्यात तोच मुकादम मला समोरच्या दुकानात दिसला. उभा होता आणि हसत होता. माझ्या दुकानात तो कधी हसला नव्हता. थोड्या वेळानं रस्ता ओलांडून माझ्याकडं आला.

“मास्तर, भाच्याचा एक कागद होता, म्हणून गेलतो,” तो म्हणाला. “पण लई मजा हाय बरं का. मॅडमच्या मशीनमधी कोयत्याचं चित्र हाय. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली का माझं नाव, माझं गाव, कारखाना, सगळं चारी कागदावर आपापल्या जागी जाऊन बसतंय. घराचं चित्र दाबलं का सांभाळणाऱ्या आजीचा कागद निघतो. आमची बहीण अंगठेबहाद्दर, पर ती बी सांगत होती, घर दाबा, पुस्तक दाबा.”

“खेळणी आहेत ती,” मी म्हणालो.

“आसतील. औंदा टोळीचे कागद कुठं करायचे ते बघतो,” तो म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी मी ज्या ज्या कागदाला हात लावला तो वाकडा छापला गेला. दुसऱ्या दिवशी मी कागदाचं रिम उसनं मागायचं निमित्त काढून अठरा पावलं चाललो. माझ्याकडं कपाटात रिमांची थप्पी होती.

“या सर, बसा,” ती उठून उभी राहिली. ही तिची आणखी एक वाईट खोड. भांडायला जागाच ठेवत नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं आणि तिनं खरोखर सहज दाखवलं. दिसायला वर्डची साधी फाईल. वर एका रांगेत कोयता, घर, पुस्तक. टच स्क्रीनवर बोटानं टुक-टुक केलं की चित्रामागं बांधलेला मॅक्रो, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला हुकूम, पळायचा आणि पान भरायचं.

“चित्रं कशाला?” मी विचारलं. “नुसतं बटण ठेवायचं.”

“लोकास्नी कळतंय सर, आपलं काय चाललंय ते. न्हाईतर आपण खाली मान घालून काय लिहितो, त्यांना काय ठाऊक?” ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, “तुमाला पायजे का? देते की.” आणि माझ्याच पेनड्राइव्हमध्ये तिनं फाईल घालून दिली.

दुकानात येऊन मी फाईल उघडली आणि आधी आपल्या नावानं साठवून घेतली. साठवताना कॉम्प्युटरनं इंग्रजीत चार ओळींचं काहीतरी विचारलं. मी ‘येस’ दाबलं. आयुष्यभर मी ‘येस’च दाबत आलोय. त्यानंतर कोयत्यावर टिचकी मारली. एक मारली, दोन मारल्या, अकरा मारल्या. कोयता मख्ख. घर मख्ख. चित्रं आली होती, त्यांतला जीव तिकडंच राहिला होता.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, “पोरीनं मला मढी दिली. जीव काढून घेतला आणि मग दिली.”

“आहो, मग तिलाच जाऊन विचारा की, चालत न्हाई म्हणून,” बायको म्हणाली.

“मी? तिला?”

“न्हाई तर मग काय, तुमी तिला शिकवलं तेव्हा ती विचारत न्हवती का?”

बायकोला धंद्यातलं काही कळत नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

पुढचे तीन आठवडे दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दार अर्धं ओढून मोबाइलवर हिंदीतले धडे बघायचो. पहिल्याच धड्यात कळलं, की साध्या फाईलमध्ये मॅक्रो राहत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी फाईल लागते. त्या चार इंग्रजी ओळींत कॉम्प्युटर मला हेच विचारत होता, मॅक्रो टाकून देऊ का? आणि मी मोठ्या मनानं हो म्हणालो होतो. म्हणजे जीव मीच घेतला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

चिकाटी मात्र माझी अशी, की त्या तीन आठवड्यांत मी पाच किलो झिजलो. चित्र कसं बसवायचं, त्याच्यामागं मॅक्रो कसा बांधायचा, सगळं शिकलो. शेवटच्या धड्यात तर मला सोनंच सापडलं. एक ओळ लिहिली की दोन टिचक्यांच्या जागी एकच पुरते. तिला दोन लागतात आणि मला एक लागणार. मी खुर्चीवरून उठून एकटाच दुकानभर फिरलो.

मग मी थांबलोच नाही. तिचा पडदा हाताएवढा, तर मी बीडहून दारं काढून आत न्यावा लागेल एवढा टच स्क्रीन आणला. तो तिरका करून गिऱ्हाइकाकडं आणि रस्त्याकडं तोंड करून ठेवला. मला पडद्याची गरजच काय? नजर कागदावर. चित्रावर मारायची तेवढी टिचकी डावा हात लांब करून अंदाजानं मारता यायची. तिची तीन चित्रं, माझी नऊ. आणि सगळ्यांत वर, मधोमध, शेंदरी रंगाचा, मुठीएवढा गणपती. कुठल्याही कामाची सुरुवात त्याच्यापासूनच, म्हणून नव्या अर्जाचा मॅक्रो मी त्याच्यामागं बांधला. प्रिंट निघाली की गणपतीवर टिचकी. जुनी फाईल न साठवता बंद, नवी कोरी उघडी. माझ्या हुशारीची मलाच दृष्ट लागेल असं वाटून मी पडद्याच्या कोपऱ्याला काळा टिपका लावला.

मुकादमाला निरोप धाडला, ‘तिकडं दोन टिचक्या लागतात, इथं एकच.’ तो टोळी घेऊन माझ्याकडं आला. रस्ता अडला. एसटीनं हॉर्न वाजवला. कागद न्यायला त्यांच्या शाळेचे गुरुजी स्वतः येऊन बाकावर बसले होते. पाचच्या गाडीनं ते परत जाणार होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक सुटणार होते. मी समोरच्या दुकानाकडं एकदाही बघितलं नाही. फक्त तिच्या दाराशी कोण उभं आहे, तिनं कोणत्या रंगाची ओढणी घेतलीय आणि ती इकडं किती वेळा बघते, एवढंच मला दिसत होतं.

पहिले सहा अर्ज तुपात सुरी घातल्यासारखे निघाले. सातव्याला मी रेशनकार्डावर नजर ठेवून सगळं टायपिंग केलं, प्रिंट दिली, तर कोरा कागद बाहेर आला. चारही कोरे.

“लाइट गेलती मधी,” मी म्हणालो. पंखा वर बैलगाडी हाकत होता.

पुन्हा केलं, निघाला. आठवा निघाला. नववा कोरा, दहावा कोरा. मी वायर हलवली, प्रिंटरला थापट दिली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अकरावा निघाला आणि बाराव्याला परत तेच. गर्दीत कुजबूज सुरू झाली. त्यातून एक विचित्र गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. गावात ज्याचं कोंबड्या चोरण्यात नाव होतं त्याचा अर्ज एका फटक्यात निघाला. जी म्हातारी चातुर्मासात कांदा खात नाही, तिच्या नातवाचा दोनदा पुसला गेला. पाप्यांचं काम होत होतं, भाविकांचं होत नव्हतं.

मुकादम तर महिन्याच्या महिन्याला नारायणगडावर दर्शनाला जाणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या पोराचा अर्ज तिसऱ्यांदा कोरा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“मास्तर, माझ्या हातनं काय चुकलं का?”

“काय बे, मशीनला काय ठाऊक तू कोण हायस?” कोंबडीवाला मागून म्हणाला. “माझा बघ, झाला.”

“मशीनवर कुणीतरी करणी केलीय,” मी हळू आवाजात म्हणालो आणि सगळ्यांना दिसेल असं समोरच्या दुकानाकडं बघितलं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्यात, त्या सगळ्या मला प्याऱ्या आहेत. ही एक नाही.

सव्वातीन वाजले होते. अर्ध्याहून जास्त टोळी बाकी होती. गुरुजी घड्याळ बघत होते. एका बाईनं विचारलं, “कागद न्हाई झाले तर पोराला बरूबर न्यावं लागंल व्हय?” तिची पोरगी पायरीवर बसून दप्तराची चेन उघडत होती, लावत होती.

तेवढ्यात समोरची उठली. स्वतःच्या गिऱ्हाइकांना बसवून ठेवून रस्ता ओलांडून आली. मला वाटलं, आली आता मजा बघायला. ती माझ्या खुर्चीमागं उभी राहिली आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलली.

“सर, गणपतीला मॅक्रो बांधलाय का तुमी?”

“हो. का?”

“लोक पाया पडतायत.”

मी मान वर करून पडद्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा. मुकादम माझ्यासमोर बसला होता. त्याची चवथी खेप. त्याचं सगळं नाव पडद्यावर भरलेलं होतं. त्यानं उजव्या हाताची बोटं गणपतीच्या पायाला लावली, छातीला लावली, डोळे मिटले. पडदा कोरा झाला.

आमच्याकडं देव दिसला की बोट लावायचंच. कॅलेंडरवर असो, एसटीच्या काचेवर असो, काड्यापेटीवर असो. मी स्वतः लावतो. जे बसल्या बसल्या पाया पडले त्यांचं काही बिघडलं नाही, कारण तेव्हा अर्ज कोराच होता. जे पोराचं नाव भरलेलं बघून भरल्या मनानं पाया पडले, त्यांचा सगळा अर्ज गेला. ज्याला देवाचं काही पडलेलं नव्हतं, तो सुटला. आणि हे सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर, एवढ्या मोठ्या पडद्यावर चाललं होतं. रस्त्यापलीकडून तिला दिसलं. माझी नजर कागदावर.

“म्हणून तर मी दोन टिचक्या ठेवल्या,” ती कुजबुजली. “माणसं हात लावणारच सर. बैल काढला तर बैलाला बी लावतात.”

मला आता फक्त एवढंच दिसत होतं, की ती तोंड उघडणार, टोळी हसणार, आणि ते हसू गाड्यांत बसून कारखान्यापर्यंत जाणार. ती गर्दीकडं वळली.

“सरांचा पडदा नवा हाय,” ती मोठ्यानं म्हणाली. “लई पावरचा. इतके कागद एका दमात काढले का तापतो. कंपनीनं लिहूनच दिलंय, तापल्यावर कुणी बोट लावायचं न्हाई, चटका बसतो.”

पन्नास माणसांनी एकदम हात मागं घेतले. मुकादम आपली बोटं उलटीपालटी करून बघायला लागला. “तरीच,” तो म्हणाला. “जरा झिणझिण्या आल्यात मला.”

मी थक्क झालो. उभ्या तालुक्यात थाप मारण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी समजत होतो. आणि ही पोर, एक शब्द न अडखळता, माझी अब्रू झाकण्यासाठी अशी थाप मारून गेली की मुकादमाला झिणझिण्यासुद्धा आल्या. टायपिंग मी शिकवलं होतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. हेवा मला त्या वेळी सगळ्यांत जास्त वाटला, पार घशापर्यंत आला.

“सर, बसू का?” तिनं विचारलं. मी खुर्ची सोडली. तिनं माझी ती एक ओळ काढून टाकली, गणपतीमागचा मॅक्रो काढून एका झाडूच्या चित्राला बांधला, आणि गणपतीला नुसतं गणपती म्हणून राहू दिलं. मी कागद हातात धरून नावं वाचत गेलो. ती लिहीत गेली. मधेच मान वर करून म्हणायची, “आजी, नातीचं नाव बरूबर हाय का बघा,” आणि आजी पडद्यावर अक्षरं नाही, पण पुस्तकाचं चित्र बघून मान हलवायची. मान वर-खाली करणारी ती कोंबडी माझ्यापेक्षा जोरात चालली होती. पाचला दहा कमी असताना गुरुजींनी सगळा गठ्ठा पिशवीत घातला. दप्तरवाली पोरगी आईआधी पायरीवरून उठली.

मुकादमानं जाताना तिला रस्त्यात गाठलं. मला ऐकू यावं असं तो बोलला नसेल, पण माझे कान हेव्यानं सशाएवढे झाले होते.

“मॅडम, फुडल्या साली टोळी तुमच्याकडंच आणतो.”

“सरांचं गिऱ्हाईक हाय ते. त्यांच्याशी बोला,” ती म्हणाली.

मुकादम अवघडून माझ्याकडं आला. चांगल्या माणसानं इथं म्हणायचं असतं, ‘जा बाबा तिच्याकडं, ती माझ्याहून हुशार आहे.’ माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

“माझ्याकडंच आणायची,” मी म्हणालो.

त्यानं डोकं खाजवलं. “आणतो. पर लिहायला मॅडम बसतील, तुमच्या दुकानात. तसं जमतंय का बघा.”

तिनं लांबूनच मान हलवली. मीही हलवली, जणू मीच तिच्यावर उपकार करतोय.

तेव्हापासून दोन हंगाम झाले. दसरा झाला की ती तीन दिवस माझ्या खुर्चीत बसते. मी शेजारी स्टुलावर बसून रेशनकार्ड धरतो आणि खणखणीत आवाजात नावं वाचतो. माझा आवाज असा, की आष्टीच्या माणसानं आपलं नाव आलं म्हणून तिथून ‘ओ’ द्यावी. रस्ता अजून अडतो. एसटी अजून हॉर्न वाजवते. तो हॉर्न तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मी ड्रायव्हरला विचारत नाही.

यंदा एक नवी म्हातारी नातवाला घेऊन आली होती. कितीतरी वेळ ती माझ्याकडं बघत बसली होती. शेवटी तिनं विचारलं, “बाबा, मॅडमकडं कामाला किती वर्सं झाली तुला?”

माझ्या खुर्चीतली पोर मान खाली घालून घराचं चित्र दाबत होती, पण तिचे खांदे हलायला लागले होते.

“ती यायच्या आधीपासून आहे, आजी,” मी म्हणालो.

“आन् तरी अजून कागदच धरतोस व्हय,” म्हातारी म्हणाली.